भिंतीपलीकडचा कीबोर्ड

वडील जाफराबादच्या तहसीलबाहेर टाइपरायटर घेऊन आयुष्यभर बसले. कमरेचं हाड मोडून ते खाटेला खिळले, तेव्हा मी घराच्या पुढच्या खोलीत संगणक टाकून त्यांचंच काम पुढे चालवत होतो. पण त्यांना नुसतं पडून राहवेना. टाइप करताना ते कधीच कळांकडे की उमटणाऱ्या अक्षरांकडे बघत नसत, त्यामुळे पडद्याची गरज नव्हती. फक्त कीबोर्ड खाटेपर्यंत पोचायला हवा होता.

आई म्हणाली, वायर नको, पायात येईल, घरात एक माणूस पडलाय तेवढा पुरे. मलाही नव्या वस्तूचा सोस. जालन्याहून बिनवायरचा आणला. लोक वडिलांच्या उशाशी बसून अर्ज सांगत, ते मांडीवर पाट घेऊन टाइप करत आणि अक्षरं बाहेर माझ्यासमोर उमटत.

मग अक्षरं गळायला लागली. कुठे काना नाही, कुठे अर्धा शब्दच गायब. मी मुकाट्याने दुरुस्त करून छापत गेलो. कीबोर्डवर संशय घ्यावा हे डोक्यातच आलं नाही. तो नवा होता, महागाचा होता, आणि वडील म्हातारे होते. या हिशेबाची मला अजून लाज वाटते.

एकदा गर्दीत एक अर्ज तसाच छापला गेला आणि गिऱ्हाइकाने तो आत नेऊन दाखवला. वडिलांनी मला हाक मारली.

"कधीपासून निस्तरून राह्यला तू हे?"

मी तो अर्ज घेऊन दुरुस्त करायला वळलो.

"बोटं गेली माही. मंग लोकायचं काम कायले खराब करायचं?"

त्यांनी पाट बाजूला सारला. जेवणही कमी झालं.

आठवड्याने सहज त्यांच्या खाटेवर बसून मीच चार ओळी टाइप केल्या. बाहेर येऊन बघतो तर माझीही अक्षरं गळालेली. मधली जाड भिंत सिग्नलला आडवी येत होती. धावत आत जाऊन वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "समजूत नको काढू." इतके दिवस लपवणाऱ्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

शेवटी भिंतीला भोक पाडलं. साधा वायरचा कीबोर्ड आणला, त्याला लांब वायर जोडली. आईनेच ती खिळ्यांनी भिंतीलगत ठोकली.

"दादा, एक पान करा. मी हात लावत न्हाई," मी वडिलांना म्हणालो.

पान छापून तसंच त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं. मग एका शब्दावर बोट ठेवलं आणि कित्येक दिवसांनी हसले.

"ही एक चूक हाये. पण ही माही हाये," असं म्हणून त्यांनी पाट परत मांडीवर ओढला.