बावीस मॉडेलांची एक फाइल

चाकणच्या कंपनीत स्टोअर मी असं लावायचो, की डोळ्यांवर फडकं बांधून म्हणाल तो नट काढून द्यावा. एकदा खरंच बांधलं. साहेबाच्या हातात पडला तो माझ्या डब्यातला बेसनाचा लाडू. पण माल लावून ठेवायची खाज काही जात नाही, राव. ती परवा कुठवर गेली ते काय सांगू तुम्हाला.

माझी सून अश्विनी काळेवाडीच्या आमच्या घरातूनच कंप्युटरवर काम करते. गाड्यांच्या सुट्या भागांची वेबसाइट बनवतेय. दरवाज्यावर बोट ठेवलं की दरवाजा गोल फिरून दिसतो, सीटवर ठेवलं की सीट. त्या दिवशी चार वाजता ती पहिल्यांदाच एकटीनं हे साहेबलोकांना दाखवणार होती. दुपारी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "फोल्डर अजून नीट लावायचेत." आणि नातीला शाळेच्या बसवरून आणायला खाली गेली.

लावायचेत? अन् मी घरात असताना?

बसलो खुर्चीत. बघतो तर बावीस फोल्डर. दरवाजा, सीट, बंपर, आरसा. प्रत्येकात एकेक फाइल, अन् नाव सगळ्यांचं एकच, मॉडेल. एकच माल बावीस ट्रेमध्ये? आमच्या सुपरवायझरनं जीव घेतला असता.

नातीचे फोटो सरकवून सरकवून माऊस मला चांगला जमतो. एकेक फाइल ओढून एका ट्रेमध्ये टाकत गेलो. मशीन विचारतंय, या नावाची आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? ठेव की. एकवीसदा विचारलं, एकवीसदा ठेव म्हटलं. मग रिकामे ट्रे काढून टाकले आणि कचरापेटीही साफ केली.

अश्विनी आली, स्क्रीन बघितली आणि चक्क हसली. गेल्याच आठवड्यात मी गंमत म्हणून तिची एक चप्पल फ्रिजमध्ये ठेवली होती, त्यामुळं तिचं तरी काय चुकलं?

"बाबा, गंमत पुरे. कुठं लपवलंत सगळं?"

"लपवलं न्हाई गं. लावलं."

"बाकीच्या फाइली कुठायत?"

"एकाच नावाच्या व्हत्या ना सगळ्या."

"नाव एक असतं, बाबा. आत प्रत्येकात वेगळा भाग असतो. म्हणून तर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात."

बावीसमधला आरसा तेवढा उरला होता. नातीचं दप्तर खांद्यावर तसंच ठेवून अश्विनी पलंगावर बसली. आयुष्यभर लोकांना गंडवलं, पण ही एक गंमतच असती तर किती बरं झालं असतं, असं पहिल्यांदा वाटलं.

मग तिनं आपल्या साहेबाला फोन लावला. कालपर्यंतचं काम कंपनीकडं शाबूत होतं. आज सकाळपासून केलेले नऊ भाग मात्र गेले होते. सहापर्यंतची मुदत मिळाली. फोन ठेवून तिनं केस बांधले आणि पहिल्या भागाला हात घातला.

मी दारातूनच विचारलं, "पोरी, मी काय मदत करू का?"

मान वर न करता ती म्हणाली, "करा ना, बाबा. खाली वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसा. आणि मला मदत करायला कुणी वर यायला लागलं, तर सोडू नका."