तळहातावर वेळ लिहिणारे मास्तर

बोईसर-पालघर रस्त्यावर अपघात झाला की लोक मोबाइल काढत. आमचे मास्तर पेन काढत. घड्याळ बघून वेळ तळहातावर लिहून ठेवत आणि पोलीस येईपर्यंत जागचे हलत नसत. पंचनाम्यावर सही म्हटलं की गर्दी पांगायची, तेव्हा मास्तर पुढे व्हायचे. सालवडमधले लोक त्यांना ‘पंच’ म्हणून चिडवत. त्यांना ते आवडायचं, असा माझा संशय आहे.

मूळचे ते पालघरजवळच्या माहीमचे, मच्छीमाराच्या घरातले. शाळेत आम्हाला मराठी शिकवायचे. पुस्तकी भाषा फळ्यापुरती. तोंडात कायम घरची बोली. एकदा शाळेसमोर रिक्षा उलटली आणि आम्ही सगळे खिडकीला चिकटलो. मास्तरांनी धडा बाजूला ठेवून फळ्यावर दोन शब्द लिहिले, बघ्या आणि साक्षी.

“बघणे, त्याच्यावरनं बघ्या. साक्षी संस्कृतातला. स म्हंजे सहित, अक्षि म्हंजे डोला. डोलं दोगांना पन हायत. मंग फरक काय?”

त्यांनी दोन्ही शब्दांखाली रेघ ओढली.

“बघ्या घरी जाऊन जेवतो,” ते म्हणाले आणि रिक्षावाल्याला पाणी द्यायला आम्हाला पिटाळलं.

पुढे मी तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात सुपरवायझर झालो. एका दुपारी आमच्या प्लांटमध्ये स्फोट झाला आणि लहानू गेला. मूळचा डोंगरातल्या पाड्यावरचा, ठेकेदाराकडचा हेल्पर. हजेरीत त्याचं नावच नव्हतं. कंपनीने सांगून टाकलं, तो कामावर नव्हताच, भंगार चोरायला शिरला होता. त्या सकाळी त्याला हातमोजे मी स्वतः दिले होते.

दोन दिवसांनी मास्तर घरी आले. लहानू त्यांच्याच गल्लीत राहायचा.

“कामाच्या टायमाला गेटात शिरताना मी त्याला बघितला. आत त्याच्यासंगती कोन व्हता?”

“सर, मला काही कल्पना नाही.”

 मास्तर चहा संपवून, कपबशी स्वतः आत नेऊन ठेवून निघाले. नोकरी जाईल ही भीती होती. दुसरं कुठलंही कारण माझ्याकडे नाही.

कोळगावला जिल्हा कार्यालयात चौकशी झाली. लहानूच्या बाजूने मास्तर एकटे उभे राहिले. तळहात पुढे करून म्हणाले, “स्फोट आयकल्याबरोबर त्याची गेटात शिरायची वेल लिवली व्हती, पन धुतली गेली.” कंपनीच्या वकिलाने त्यांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. मोतीबिंदूमुळे त्यांना ते जमलं नाही.

“आकडं दिसत नाय. मानूस वलखतो मी,” मास्तर म्हणाले.

त्यांची साक्ष कोणी ग्राह्य धरली नाही. लहानू कागदोपत्री चोर ठरला. मी मागच्या बाकावर बसलो होतो; कंपनीनेच पाठवलं होतं. मला त्या दिवसाची लाज वाटते, आणि ती लाज कुणाच्या कामाची नाही हेही कळतं.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. माहीमच्या स्मशानाच्या फाटकापाशी लहानूची बायको उभी होती. मी मास्तरांचा विद्यार्थी आहे हे कळल्यावर जवळ आली.

“मास्तर बोललं, माज्या नवऱ्यासंगं आत एक मानूस व्हता. नाव नाय सांगितलं. बोललं, तो आपनहून येल. तुमी वलखता का त्याला?”

मी नकारार्थी मान हलवली. ती पुन्हा फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

चिता पुरती पेटेपर्यंत मी बघत उभा राहिलो. मग घरी गेलो, आंघोळ केली आणि जेवलो.