सानगडीचं लाल कापड

काकूंची नजर माणसाच्या चेहऱ्यावर फार वेळ टिकत नसे. ‘बरे आहात का’ विचारून होईपर्यंत ती खाली घसरायची, पदरावर यायची, काठावर थांबायची आणि मग त्यांचं ते वाक्य ठरलेलं : “हे जुनं झालं का माह्याकडं देजो वं. फेकजो नोको.”

हे त्या कोणालाही म्हणत. दवाखान्यातल्या नर्सला म्हणाल्या, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाल्या. एकदा तर गल्लीतल्या एका मुलीच्या हळदीला गेल्या आणि तिची पिवळी सुती साडी चिमटीत धरून तिथेच मागणी घातली. अंगावरची हळद अजून वाळलीही नव्हती. नवरीची आत्या भडकली. “काकू, आजच्या दिवशी असं बोलता का?” काकू शांतपणे म्हणाल्या, “आजच नाही मांगून राहिली बाप्पा. जुनी झाल्यावर.” दोन वर्षांनी त्याच मुलीने ती साडी पाठवली, तिच्या बाळाच्या दुपट्यासाठी. काकूंना त्यात नवल वाटलं नाही.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांना सगळं जग एका बाजूनेच दिसतं, आणि ती बाजू आपण कधी पाहिलेली नसते. काकू गोधड्या शिवत. त्या ‘वाकय’ म्हणत. भंडाऱ्यात आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधे कमरेएवढी भिंत. समोरच्या खोलीत पायमशीन, त्यावर तुकडे जोडायचे. मग जोडलेलं कापड जमिनीवर अंथरून थरावर थर घालायचे आणि चार कोपऱ्यांवर पितळेचे चार गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, ठेवायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. सासूबाईंच्या लग्नातले गुंड ते. एरवी बायका अशी भांडी शोभेला ठेवतात, काकूंनी त्यांना कामाला लावलं होतं. मग कडेपासून आत, धावदोऱ्याने, गुडघा सरकवत सरकवत शिवण चाले. एकटीने, आणि बहुतेक वेळा स्वतःशी बोलत.

माझ्या नशिबी आलं ते त्यांना स्कूटरवरून फिरवणं. मी शाळेत शिक्षिका. रविवारी जरा आडवं पडावं म्हटलं की भिंतीपलीकडून हाक यायची, “मास्तरीणबाई, पेट्रोल हाय का?” जुन्या साड्या लोक देत, पण अस्तराला आणि काठाला नवं सुती कापड लागे, आणि ते काकूंना भंडाऱ्यातलं चालत नसे. शहरातल्या दुकानात हात घालताच त्या म्हणत, “हा कपडा नाही, पिलास्टिकची पन्नी हाय.” खेड्यातल्या दुकानांत मात्र म्हाताऱ्या बायकांसाठी अजून खरी सुती पातळं येतात, आणि थानाच्या, म्हणजे ताग्याच्या, टोकाला उरलेले दोन-तीन मीटर कोपऱ्यात पडून असतात. काकू त्या टोकांसाठी जात. दुकानदाराला जे विकत नाही ते त्यांना हवं असे, त्यामुळे सगळीकडे त्यांचं स्वागत व्हायचं.

आंबागडला एक दुकान होतं, अर्धं किराणा, अर्धं कापड. तिथलं छापील कापड काकूंना फार आवडे, पण त्याला मिरची-मसाल्याचा वास. पहिल्यांदा मी शिंकून शिंकून बेजार झाले. काकू म्हणाल्या, “धुतलं का वास जाते. तू बाहेर गेली का नाही अजून?” मी दुकानाबाहेर जाऊन गावामागच्या किल्ल्याकडे बघत उभी राहिले. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या तेव्हा पिशवीत चार तुकडे होते आणि दुकानदाराच्या बायकोचं एक जुनं लुगडंही. ते कधी मागितलं, देव जाणे.

दुपारी एखाद्या तलावाच्या पाळीवर डबा उघडायचा. पोळ्या, वांग्याची भाजी, गुळाचा खडा. जेवताना काकू घेतलेले तुकडे मांडीवर पसरून एकेक चाचपत. अंगठा आणि दोन बोटं, बस. बघत नसत, बघत समोर पाण्याकडे. “हा दोन धुण्यात मऊ होईन. हा भांडन करन.” मला दोन्ही कापडं सारखीच लागायची. मी घड्याळ बघायची. मला सगळ्या गोष्टींची घाई, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या घाईनेच झालं.

माझी आई गेली तेव्हा तिच्या अकरा सुती साड्या माझ्याकडे आल्या. सगळ्या फिक्या, बदामी, राखाडी, पांढऱ्यावर बारीक फुलं. आई गडद रंग नेसतच नसे. वर्षभर मी ते गाठोडं उघडलं नाही. मग माझी लेक पहिल्या बाळंतपणाला येणार असं ठरलं आणि फोनवर म्हणाली, “आई, आजीच्या साड्यांची गोधडी करून घे ना. मला आणि बाळाला दोघांना पुरेल अशी.” मी गाठोडं काकूंकडे नेऊन दिलं. एरवी बडबडणाऱ्या काकूंनी एकेक साडी उलगडून नुसती मांडीवर ठेवली. म्हणाल्या, “बाई हलक्या हाताची होती वं तुही माय. एकही साडी पिळून फाटली नाही.” मला रडू आलं. आईबद्दल इतकं खरं कोणी बोललं नव्हतं.

अस्तरासाठी आम्ही सानगडीला गेलो. तिथल्या दुकानात काकूंना एक लाल थान सापडलं, लग्नातल्या कुंकवासारखं लाल. “फिक्याले एक बाजू तरी लाल पाह्यजे. लेकराची वाकय हाय.” पाच मीटर घेतलं.

आता काकूंचा नियम ऐका. नवं कापड आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर, मग सावलीत वाळवण, मग दुसऱ्यांदा साधं पाणी, आणि मगच कात्री. रंग सुटायचा तो बादलीत सुटू दे, गोधडीत नको. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पण त्या आठवड्यात त्यांच्या नळाला पाणी नव्हतं, आणि त्यांनी ते कापड माझ्याकडे दिलं. “मूठभर खडं मीठ टाकजो. रातभर राहू देजो.”

परीक्षेचे दिवस. जेवणाच्या टेबलावर पेपरांचे गठ्ठे. मी कापड न्हाणीत ठेवलं आणि विसरले. सकाळी काकूंची हाक आली तेव्हा ते घडी होतं तसंच कोरडं. मी त्यावर दोन तांबे पाणी शिंपडलं, कडक उन्हात टाकलं आणि तासाभराने भिंतीवरून दिलं.

“मीठ घातलं होतं नं वं?”

“घातलं नं काकू.”

एवढंच. तीन शब्द. मुलांनी गृहपाठाबद्दल असं सांगितलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

गोधडी तयार झाली ती मी पाहिली. आईच्या अकरातल्या नऊ साड्या एका ठिकाणी, आणि उलटलं की लाल. काकू म्हणाल्या, पहिलं धुणं मी करीन, मगच नेजो. लेकराच्या गोधडीचं पहिलं धुणं त्या नेहमी स्वतः करत, अंगणातल्या दगडावर.

दोन दिवस काकू भिंतीपाशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच गेले. गोधडी दोरीवर होती. लाल रंग अस्तरातून वर चढून आईच्या साड्यांवर पसरला होता. बदामी साडी गुलाबी झाली होती, पांढरीवरची फुलं ओळखू येत नव्हती.

काकू पायरीवर बसल्या होत्या. “माह्याच्यानं झालं वं हे,” त्या म्हणाल्या. “माहे बोटं गेले. आता कपडा समजत नाही मले. तुह्या मायच्या साड्या होत्या अन् मी खराब केल्या.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या इतक्या रडवेल्या झाल्या होत्या, आणि मी, लाज वाटते सांगायला, मी म्हणाले, “असू द्या काकू, होतं असं.” म्हणजे चूक माझी आणि क्षमाही मीच केली.

त्यानंतर काकूंनी शिवणं सोडलं. मशीनवर चादर टाकली. गल्लीतल्या बायकांनी दिलेली गाठोडी एकेक करून परत नेऊन दिली, दारात उभं राहून, “माह्याच्यानं होत नाही आता” म्हणत. पितळेचे गुंड फळीवर गेले. रविवारी हाक येईना. हवं तसं आडवं पडायला मिळालेल्या रविवारी मी छताकडे बघत पडून राहायची. बाजारात त्या भेटल्या तेव्हा समोरची बाई छान मऊ पातळ नेसलेली होती आणि काकूंनी तिच्या पदराकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथे मला कळलं की हे साडीच्या डागाचं राहिलेलं नाही. माझ्या एका थापेने एका बाईला म्हातारी करून टाकलं होतं.

तरी मला तीन आठवडे लागले. एका सकाळी भिंतीला वळसा घालून गेले. काकू सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या.

“काकू, मी त्या लाल कापडाला मीठ घातलं नव्हतं.”

हात थांबला नाही. “कमी घातलं?”

“घातलंच नाही. भिजवलंही नाही. विसरले. नुसतं पाणी शिंपडून दिलं तुम्हाला.”

त्यांनी एक खडा उचलला, बाजूला टाकला, सूप खाली ठेवलं. मी बोलणी खायच्या तयारीने उभी होते. मला ती हवीच होती. पण काकू स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. अंगठा दोन बोटांवर हळूहळू फिरत होता.

“शिवताना लागत होतं मले,” त्या म्हणाल्या. “कडक लागत होतं. मी मनलं, भिजवलेला कपडा असा काहून लागते? मंग मनलं, मास्तरीण हाय, खोटी कायले बोलन.” मग माझ्याकडे पाहिलं. “बोटाचं नाही आयकलं मी. तुह्यं आयकलं.”

मी पायरीवर बसून रडले. काकूही रडत होत्या, पण त्यांचं वेगळं होतं, मधेच हसत होत्या आणि ती तीन बोटं डोळ्यांपुढे धरून म्हणत होत्या, “हायेत माय, बोटं जाग्यावर हायेत.”

मग एकदम त्या उठल्या. “बसू नोको. कैची आन. उसवाचं तू.”

मी उसवलं. सगळं अस्तर, टाका न् टाका, पाच दिवस, काकूंच्या नजरेखाली. घाई केली की त्या हातावर चापट मारत. जास्त डागलेले तुकडे त्यांनी काढले, थोडे गुलाबी झालेले राहू दिले, आणि अस्तराला आईच्याच उरलेल्या दोन साड्या लावल्या. लेक आली तेव्हा तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, गुलाबी आजीला छान दिसतो. तिची मुलगी आता चार वर्षांची आहे आणि त्या गोधडीशिवाय झोपत नाही.

काकू घरोघर जाऊन गाठोडी परत घेऊन आल्या. बायकांनी कारण विचारलं तर सांगायच्या, “बोटं दुखत होते, बरे झाले.” माझं नाव त्यांनी कोणापुढेही काढलं नाही. रविवारची हाकही सुरू झाली, पुन्हा तलावाची पाळ, पुन्हा डबा. सगळं पूर्वीसारखं झालं असंच कोणालाही वाटलं असतं. पण त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एकही कापड भिजवायला दिलं नाही. नळाला पाणी नसलं तर कोपऱ्यावरच्या हातपंपावरून बादली भरून आणत, सत्तरीची बाई, माझ्या दारावरून जात. मी बादली धरायला जायची. बादली धरू देत, घरापर्यंत आणू देत. मीठ मात्र स्वतःच्या हाताने टाकत. रागाने नव्हे. राग त्यांना पहिल्या दिवसानंतर नव्हताच. कापडाबद्दल माझा शब्द त्यांच्या हिशेबी धरायचा नव्हता, इतकंच, आणि ते मला रोज कळत होतं.

गेल्या दिवाळीनंतर काकू लेकीकडे गोंदियाला राहायला गेल्या. मशीन घेऊन गेल्या, गुंड घेऊन गेल्या. गुडघे थकले, पण शिवणं चालू आहे. भिंतीपलीकडे आता कुलूप असतं आणि माझे रविवार मोकळे.

मागच्या महिन्यात सानगडीच्या दुकानदाराचा फोन आला. गोदामाच्या कोपऱ्यात एक जुनं हिरवं थान निघालं, काकूंसाठी ठेवू का म्हणून. मी एकटीच गेले. त्याने थान पुढे टाकलं, मी काकूंना फोन लावला.

“पोहोचली? हातात घे,” त्या म्हणाल्या. “डोयानं नोको पाहू. सांग.”

मी डोळे मिटले. अंगठा आणि दोन बोटं. घाई केली नाही. दुकानदार थांबला, पलीकडे काकू थांबल्या.

“सुती आहे काकू. पण कडक आहे. रंग सोडेल.”

“तू मनते?”

“हो. मी म्हणते.”

मग काकू म्हणाल्या, “मंग पाच मीटर घे. अन् घरी गेली का मिठात भिजवून ठेव. वाळलं का पाठव मले.”