बाबांचं इंग्लंडचं नाणं

दादा परदेशी निघाला तेव्हा त्याने बाबांना एक नाणं दिलं. इंग्लंडची जुनी पेनी, तांब्याच्या रंगाची, तळहात निम्मा भरेल एवढी. राणीच्या चेहऱ्यावर कसलीशी पुसट अक्षरं उमटली होती. "टांकसाळीतली चूक आहे बाबा, लाखात एक. डबी उघडू नका, हवा लागली की किंमत जाते."

बाबांनी ती प्लॅस्टिकची डबी अकरा वर्षं उघडली नाही. आमच्या मुलुंडच्या घरात कुणीही आलं की चहाच्या आधी नाणं डबीसकट बाहेर येई. मी बाबांच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, बँकेच्या रांगा सांभाळत होते. पाहुण्यांना माझी ओळख "ही धाकटी, इथेच असते," एवढीच.

यंदा कपाट आवरताना मी डबी उघडली. बाबांच्या भिंगातून बघितलं. राणीच्या गालावरची अक्षरं उलटी होती आणि आत दबलेली. नाणं आरशासमोर धरलं, तर स्वच्छ वाचता आलं: भारत, आपल्या रुपयावर असतं तसंच. इंग्लंडच्या टांकसाळीत आपला रुपया कुठून येणार? डबीत झाकली जायची त्या मागच्या बाजूला बारीक समांतर रेघा होत्या. तशा रेघा मी लहानपणापासून बघत आले होते. बाबा कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर होते आणि त्यांचा वाइस, म्हणजे काम घट्ट धरायची लोखंडी पकड, अजून आमच्या गॅलरीत आहे.

त्याच वेळी सांगता आलं असतं. मी रविवारपर्यंत थांबले. रविवारी शेजारचे काका-काकू येतात.

मी त्या रेघांचा मोबाइलवर अगदी जवळून फोटो काढून ठेवला होता. सगळे बसल्यावर विचारलं, "बाबा, धातूवर अशी खूण कशाने येते हो?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. कामाचं कुणी विचारलं की त्यांचा आवाजच बदलतो. "वाइसचे दाते आहेत हे. शिकाऊ माणसाचं काम. मध्ये पत्र्याचा तुकडा घालायचा असतो, गाढवाला तेवढंही कळलं नाही." काका हसले. बाबाही हसले.

मी बोट सरकवून पुढचा फोटो आणला. अख्खी पेनी.

बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ ओढून घेतला. काकूंनी कप खाली ठेवला. मी आरशातला फोटोही दाखवला, 'भारत'वर बोट ठेवून. मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करते.

बाबा म्हणाले, "दादाला फोन लाव."

व्हिडिओवर दादा घरच्या टी-शर्टात होता. प्रश्न ऐकून मोठ्याने हसला. "अजून आहे ते? कॉलेजात असताना जुन्या बाजारातून आणून तुमच्याच वाइसमध्ये रुपयावर दाबलं होतं मी. मस्त जमलं होतं ना?"

"हो रे, झकास जमलंय," बाबा म्हणाले. मग तिकडच्या थंडीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

काका-काकू उठून गेले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं समाधान?"

"मी खरं तेच सांगितलं."

"खरं सांगायला पाहुणे लागले तुला?"

मी कप विसळायला घेतले.

आठवडाभर ते माझ्याशी गोळ्यांपुरतं बोलले. पुढच्या रविवारी काकूंचे भाऊ आले होते. त्यांना जुन्या नाण्यांची आवड. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे ती इंग्लंडची पेनी आहे म्हणे?"

"हरवली हो," बाबा म्हणाले. "घर आवरताना कुठे गेली कोण जाणे."

मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. गॅस बारीक केला आणि आतूनच ओरडून सांगितलं, "हरवली नाही काही. स्क्रूच्या डब्यात टाकलीय त्यांनी."