राजक्काचा चुट्टा

राजक्काची आणि माझी ओळख झाली ती मी तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी फेकलं तेव्हा.

लग्न होऊन मी वर्ध्याहून चामोर्शीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची गोष्ट. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर, आणि शेजारचं घर राजक्काचं. सकाळी अंगणात आले तर कुंपणापलीकडे एक उंच, सावळी बाई धान कांडत होती. तिनं मुसळ बाजूला ठेवलं, कमरेची एक जाड काळी कांडी काढली, अंगणातल्या चुलीवर पेटवली आणि पेटलेलं टोक सरळ तोंडात घातलं. नाकातून धूर निघाला! मी किंचाळले आणि तुळशीला घालायचं पाणी होतं ते तिच्यावर फेकून मोकळी झाले. तिनं विझलेली कांडी तोंडातून काढली, आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अय्यो! काऊन वं बाई, सकाळी सकाळी माहा चुट्टा इझवला?"

चुट्टा म्हणजे गावठी चिरूट. तंबाखूच्या पानांची नुसती घट्ट गुंडाळी. राजक्का आमच्याच समाजातली, पण माहेर सिरोंच्याचं. तिकडे बोलण्यात तेलगू आणि बायकांच्या तोंडात चुट्टा, तोही उलटा. तिचे यजमान नारायणभाऊ किराणा दुकान चालवायचे. त्यांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. उन्हाळ्यात सगळा मुलूख बिडीसाठी तेंदूपानं तोडायला जंगलात जायचा, पण राजक्काच्या लेखी बिडीला किंमत नव्हती. म्हणायची, "बिडी म्हंजे काय? पानात बांधलेली घाई."

मी एकदा विचारलंच, की बाई गं, विस्तव आत कशाला?

"धान रोवन्याच्या टायमाले दोन्ही हात चिखलात, वरून पानी. इस्तव आत रायला तं इझत नाई. आन दुसऱ्याले चटका बी बसत नाई."

खरेदी हा तर सोहळाच. आठवडी बाजारात सिरोंच्याकडचा व्यंकय्या चुट्ट्यांच्या जुड्या घेऊन बसायचा. राजक्का दुरून दिसली की बिचारा आधीच कपाळाला हात लावायचा. ती जुडी उचलून हुंगणार. एक चुट्टा काढून कानाशी धरणार आणि बोटांत फिरवणार. फार कुरकुरला तर तंबाखू जुना, अजिबात नाही कुरकुरला तर ओला. "नदी वलांडताना बैलबंडीत पानी शिरलं व्हतं. खोटं नोको बोलू!" व्यंकय्या शपथा घ्यायचा आणि मग मुकाट्यानं पोत्याखालची दुसरी जुडी काढायचा. तरी सुटका नाहीच. बाई तिथंच उकिडवी बसून एक पेटवणार, डोळे मिटणार. मी भाजीची पिशवी घेऊन उन्हात उभी.

"चल ना गं राजक्का!"

"थांब वं मास्तरीनबाई. नवरा न पाह्यता केला, चुट्टा तं पाहून घेऊ दे."

मग कधीतरी डोळे उघडून म्हणायची, "बांध."

दुपारचं जेवण झालं की ती उंबऱ्यावर बसून एक चुट्टा ओढायची. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही. नारायणभाऊ दुकानातल्या गिऱ्हाइकालासुद्धा दबक्या आवाजात सांगायचे, "आता घरात हाक नोको मारू, तिचा चुट्टा चालू हाये." तिच्या तोंडावर अशी तृप्ती असायची की मला हेवा वाटायचा. खरंच वाटायचा. एकदा म्हणाली, "एवढा येळ मी सिरोंच्याले असतो."

तिची एकुलती एक मुलगी सुमन. पोर गुणी, पण तिचं आधीचं एक स्थळ आईच्या चुट्ट्यापायीच मोडलेलं. म्हणून माझ्या मावसभावाचं स्थळ मी सुचवलं तेव्हा सुमन आईच्या पाया पडली. "आई, पाहुणे जाईपर्यंत तोंडात घालू नोको वं." भाऊ बल्लारपूरला कागद कारखान्यात होता, चांगली नोकरी. मावशी मात्र कडक. राजक्कानं उरलेली जुडी धानाच्या कोठीत टाकली.

पाहुणे आधी मार्कंड्याला दर्शन घेऊन दुपारी यायचे होते. पण मावशीच ती! "देव काही पळून जात नाही," म्हणून आधी चामोर्शीलाच आली, सकाळी सकाळी. मी धावत राजक्काकडे गेले तर बाई परसात. धीर सुटला होता आणि तोंडात चुट्ट्याचं थोटूक. मागून मावशीचा आवाज आला. राजक्कानं विस्तवासकट तोंड मिटलं, पदर ओठांवर घेतला आणि बैठकीत येऊन बसली.

मावशी विचारत होती आणि राजक्का मान हलवत होती. उत्तरं सगळी मीच दिली. घामानं माझं लुगडं भिजलं. मध्येच पदराआडून धुराची रेघ निघाली. मावशी म्हणाली, "चूल धुमसते वाटतं." मी म्हटलं, "हो, लाकडं ओली आहेत." मावशी खूश. माझ्या कानात म्हणाली, "किती कमी बोलते गं! अशीच विहीण हवी." आणि मोठ्यानं नारायणभाऊंना म्हणाली, "मुलगी पसंत आहे. सुपारी फोडा."

सुमननं सुटकेचा निःश्वास टाकला. मीही. नारायणभाऊंनी अडकित्ता उचलला, आणि राजक्कानं तोंडातलं थोटूक काढून सगळ्यांसमोर तळहातावर ठेवलं.

"थांबा. इहीनबाई, हे पाहून घ्या आंधी. मी चुट्टा ओढतो. पोरपनापासून ओढतो, पुढंही ओढीन. उद्या मायी पोट्टी तुमच्या घरी नांदन. तिच्या मायची गोष्ट तिले लपवत बसा लागू नये."

सुमन हुंदके देऊन रडायला लागली. नारायणभाऊ खाली बघत होते. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मावशीनं त्या काळ्या थोटकाकडे पाहिलं, राजक्काच्या तोंडाकडे पाहिलं, आणि विचारलं काय, तर, "तोंड भाजत नाही?"

"भाजते ना. पहिले पहिले लय भाजते. मंग सवय होते," राजक्का म्हणाली. "सासरावानीच हाये."

कुणी हसलं नाही. मावशी तर नाहीच. तिच्या सासरी तिनं काय काय सोसलं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. मग तिनं सुमनला हाताला धरून जवळ ओढलं.

"रडू नको, पोरी. माझ्या घरी भाजलं तर सवय करून घेऊ नको. मला येऊन सांग."

मग नारायणभाऊंकडे वळून खेकसली, "बघताय काय? फोडा की सुपारी!"

राजक्काला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेली तीही सुखानं. दुपारी जेवली, उंबऱ्यावर बसून चुट्टा ओढला, जराशी लवंडली, ती उठलीच नाही. मावशीही गेली. परवा सुमनच्या मुलाचं लग्न झालं. नवी सून माप ओलांडून आत आली, बावरून कोपऱ्यात उभी राहिली. सुमननं तिला हाताला धरून जवळ बसवलं आणि म्हणाली, "इथं भाजलं तर सवय करून घेऊ नको, बाई. मला येऊन सांग."