किशनकाकांची न झालेली सही

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये, बौद्ध घरात वाढले. अंगात येणं, उतारे असला विषय निघाला की पप्पा सरळ उठून जायचे. त्यात माझं काम वकिलीचं... पुराव्याशिवाय मी भाजीवाल्याचंही ऐकत नाही.

उल्हासनगरला माझं ऑफिस आहे. एक जण इथे, दुसरा परदेशात, अशा कुटुंबांची मृत्युपत्रं आणि वारसाची प्रकरणं मी बघते. किशनकाका त्यातलेच – सिंधी, कापडाचे जुने व्यापारी. काकू केव्हाच गेलेल्या. एकुलता एक मुलगा दिलीप फिलिपिन्सला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. सून कांचन, इथल्याच चामटोली गावची. ना घटस्फोट, ना नवरा, ना मूलबाळ. सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं तीच करायची. काकांना राहता फ्लॅट तिच्या नावे करायचा होता. मृत्युपत्र झालं नाही तर फ्लॅट दिलीपचा, आणि दिलीपने आपलं सगळं तिकडच्या बाईला लिहून ठेवलेलं. म्हणजे कांचन रस्त्यावर.

सहीच्या वेळी मी घरच्यांना खोलीबाहेर काढते. उद्या कोर्टात कोणी ‘दबाव होता’ म्हणायला नको. त्या दुपारीही कांचनला जिन्यात बसवलं. आत काका, मी, आणि साक्षीला त्यांचे डॉक्टर व माझी ज्युनियर.

काकांनी पेन धरलं आणि माझ्या मागे, दाराकडे बघत राहिले.

“बेटा, दिलीपला पण बाहेर बसव ना. रूल सबके लिए रूल.”

मागे कोणीच नव्हतं.

“काका, दिलीप तिकडे आहे. तुम्ही सही करा.”

“पूरा भिजलाय,” काका म्हणाले. मग कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान हलवत राहिले. “बोलतो, पापा, साइन नको करू. घर आता तिचंच आहे.”

पेन ठेवलं ते ठेवलंच. मी समजावलं, चिडले, डॉक्टरांनीही सांगून पाहिलं... संध्याकाळी काका गेले.

“एक सही घ्यायला जमलं नाही तुम्हाला, मॅडम?” कांचन म्हणाली. मला मान वर करवेना.

काकांचं दिवसकार्य व्हायच्या आतच फिलिपिन्सहून फोन आला. काका गेले त्याच दिवशी सकाळी बोट उलटून दिलीप बुडाला होता. मुलगा बापाच्या आधी गेला, म्हणजे फ्लॅट त्याच्याकडे गेलाच नाही. कायद्याने तो आता त्याच्या विधवेचा – कांचनचा. मृत्युपत्राची गरजच उरली नव्हती.

डॉक्टर म्हणतात, भ्रम. असेल. पण मग बातमी यायच्या आधी हे काकांना कोणी सांगितलं?

फ्लॅट नावावर झाला तेव्हा मी कांचनला खोलीत घडलेलं सगळं सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

“इतक्या वर्षांनी एकदा घरी आला, मॅडम,” ती म्हणाली, “आणि तुम्ही मला जिन्यात बसवलं होतं.”