रिकाम्या पोटाची फेरी

गुरुवार, सोळा जानेवारी, पहाटे पाच. ठिकाण: अंगणवाडीसमोरचा रस्ता. हजर: ईश्वरी, वय साडेपाच; तिची आई सुनीता; तिचे वडील, म्हणजे भरूद्या; भरूद्याची आई; सुनीताचे आईवडील; दोन मावश्या; एक आत्या; आत्याचे यजमान; शेजारचे आबा, ज्यांना फक्त शहागडपर्यंत यायचं होतं; आणि मी, गावची अंगणवाडी सेविका. एकूण बारा. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'मुलासोबत दोन पालक.'

"भाऊ, दोन म्हणजे दोन," मी म्हणाले.

"बाई, दोन तं हायेतच की यात," भरूद्या म्हणाला.

त्याचं खरं नाव भगवान. घनसावंगी ते शहागड अशी त्याची जीप चालायची. गाडी कधी निघणार असं कुणी विचारलं की तो स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणायचा, "भरू द्या की." शेवटची सीट भरल्याशिवाय ती जीप हलली असं कुणी पाहिलं नव्हतं. यात हाव नव्हती. रिकाम्या सीटा घेऊन निघणं त्याला अर्ध्या पंगतीतून उठल्यासारखं वाटायचं. स्वतःच्या लग्नाला जाताना त्यानं बाशिंग बांधलेलं असताना वाटेत उभे असलेले दोन अनोळखी लोक गाडीत घेतले होते. सुनीता सांगते, ते दोघं जेवूनच गेले, आणि आहेराची टोपीपण घेऊन गेले.

ईश्वरीचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. आमच्याकडे चकणं लेकरू नशिबाचं समजतात. त्यातून ती पुढच्या सीटवर बसली की जीप लवकर भरते, असं सगळ्या स्टँडनं ठरवून टाकलं होतं. दुसरे जीपवाले यायचे आणि म्हणायचे, "भगवान, दहा मिनिटं पोरीला आमच्या गाडीत बसव ना." भगवान बसवायचाही. पोरगी गोळ्या खाऊन परत यायची. घरात कुणालाच त्या डोळ्याची चिंता नव्हती, उलट कौतुक होतं.

मग अंगणवाडीत आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टर मॅडमनी ईश्वरीचा उजवा डोळा हातानं झाकला आणि समोर लाल ठोकळा ठेवला. "उचल बाळा." ईश्वरी सतरंजीवर हात फिरवत राहिली. ठोकळा तिच्या हातापासून वीतभर लांब होता. भगवान तिला सोडायला आला होता, चपला काढून दारात उभा होता. बाहेर प्रवासी ओरडत होते, तरी तो तसाच उभा राहिला.

मॅडमनी त्याला साध्या शब्दांत सांगितलं. डोळा वळलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. ऑपरेशननं डोळा सरळ होईल, आणि पुढं चांगला डोळा पट्टीनं झाकून या डोळ्याला कामाला लावावं लागेल. हे लहानपणीच होतं. जितका उशीर, तितकी नजर कमी.

घरी भगवानच्या आईनं विरोध केला. "डोळा सरळ केला तं लक्षुमी जाईल घरातून."

"जाऊ दे," भगवान म्हणाला. "मला ठोकळा दिसणारी लेक पाहिजे."

संभाजीनगरच्या दवाखान्याची तारीख मिळाली आणि मी त्याला यादी करून दिली. सर्दी-खोकला होऊ द्यायचा नाही. आदल्या रात्रीनंतर खायला काही द्यायचं नाही. कपडे पुढून उघडणारे. कागदांच्या दोन दोन प्रती. लेकरासमोर रडायचं नाही. भगवाननं ती यादी जीपच्या काचेला आतून चिकटवली. त्यामुळे घनसावंगी ते शहागड प्रवास करणाऱ्या प्रत्येक माणसानं ती वाचली आणि प्रत्येकानं आपापली भर घातली. कुणी हळद सांगितली, कुणी जांब समर्थला दर्शनाला नेऊन आणा म्हणालं. एका शिक्षकानं तर माझं शुद्धलेखन तपासलं.

भगवानला भीती चाकूची नव्हती, भुलीची होती. जीपमध्ये कुणाचं कधी ऑपरेशन झालंय असं कळलं की तो आरशातून बघत विचारायचा, "भूल उतरली ना बराबर?" एका म्हाताऱ्याचं अपेंडिक्स काढून पंधरा वर्षं झाली होती. तो वैतागला.

"उतरली न्हाई तं काय इथं झोपेत बसलोय का?"

"तसं न्हाई काका. पुरी उतरली का, ते विचारून राह्यलो."

"पुरी उतरली का ते माझ्या बायकोला इचार," म्हातारा म्हणाला. सगळी जीप हसली. भगवान हसला नाही.

तोंडावर मास्क लावतील हे मी सांगितल्यावर त्यानं सराव सुरू केला. चहाचा कागदी कप ईश्वरीच्या नाकावर धरायचा, तिनं दहा श्वास घ्यायचे, मग तिनं कप त्याच्या नाकावर धरायचा. आठवड्याभरात माझ्या अंगणवाडीतली बावीस लेकरं नाकाला कप लावून बसायला लागली. खिचडी वाढायची तर कप काढा म्हणून ओरडावं लागायचं.

तर सोळा जानेवारीची पहाट. गाडीत बसण्याआधी मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. मावशीकडून शेंगदाण्याचे लाडू, आत्याकडून केळी, आजोबांच्या खिशातून बिस्किटाचा पुडा, हे सगळं जप्त करून माझ्या पिशवीत टाकलं. मग मागच्या सीटवर बसून कागद क्रमानं लावायला घेतले. तेवढ्यात पुढे नारळ फुटल्याचा आवाज आला. लांबच्या फेरीला निघताना चाकापाशी नारळ फोडायचा, ही प्रत्येक जीपवाल्याची रीत. मी मान वर केली नाही. ती चूक माझी.

दवाखान्यात भूल देणाऱ्या मॅडम आल्या. "मुलीनं सकाळपासून काही खाल्लंय का?"

अकरा माणसं एका सुरात म्हणाली, "काहीच न्हाई!" आबासुद्धा म्हणाले. ते शहागडला उतरलेच नव्हते.

"खोबरं खाल्लं," ईश्वरी म्हणाली. "दोन तुकडे. एक माझा, एक आबांचा. आबांना दात न्हाईत."

मॅडमनी भगवानकडे पाहिलं.

"मॅडम, ते खाणं न्हाई," तो म्हणाला. "परसाद हाय. गाडीतल्या एकाला जरी सोडलं तं नारळ लागू होत न्हाई."

"पोटाला ते कळत नाही हो," मॅडम म्हणाल्या. भुलीत उलटी झाली आणि ती श्वासाच्या नळीत गेली तर काय होतं, हे त्यांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. ऑपरेशन रद्द. पुढची तारीख एक महिन्यानं.

परतीच्या वाटेवर अकरा जण त्याची समजूत काढत होते. शहागडच्या पुलावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून मला म्हणाला, "बाई, तुमच्या यादीत खायला देऊ नका असं हाय. परसाद देऊ नका असं कुठं लिहिलंय?"

मी पेन काढून लिहिलं. प्रसाद, तीर्थ, अंगारा, साखर, कुणी प्रेमानं दिलेलं काहीही. काचेवरची यादी आता स्टेअरिंगपर्यंत आली.

पुढच्या तारखेला ईश्वरीला सर्दी झाली. तारीख पुन्हा महिनाभर पुढे गेली. त्या दिवशी भगवान अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसला. "बाई, महिना महिना करत तिचा डोळा आमचं ऐकणं सोडून देईल का?" मी खोटं बोलले नाही. म्हणाले, "म्हणून आता चुकायचं नाही."

त्यानंतर शहागडच्या स्टँडवर लोकांनी जे पाहिलं ते अजून सांगतात. भगवान जीपच्या दारात उभा राहायचा आणि चढणाऱ्याला विचारायचा, "खोकला हाय? मंग मागच्या गाडीनं या." शिंकणाऱ्याला उतरवायचा. एकदा तालुक्याचे एक पुढारी नाक पुसत आले, त्यांनाही उतरवलं. "मी कोण आहे माहितीये का?" "माहितीये साहेब. सर्दी हाय तुम्हाला." जीप चार-पाच माणसं घेऊन निघायला लागली. रिकाम्या सीटा घेऊन भगवान घनसावंगीला पोचला तेव्हा बाकीचे जीपवाले उठून बघायला आले, कुणी वारलं की काय म्हणून.

मार्चमध्ये आम्ही पाचच जण गेलो. ईश्वरी, सुनीता, भगवान, त्याची आई आणि मी. भगवानच्या आईला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण ती पहाटे आधीच गाडीत बसलेली होती. नारळ फुटला नाही. भगवाननं फर्मान काढलं होतं की लेकरू उपाशी तर गाडी उपाशी. त्यामुळे कुणाच्या पोटात चहासुद्धा नव्हता. वाटेत एकदा म्हातारीनं तोंड हलवलं तर त्यानं गाडी थांबवून तिला आ करायला लावलं. ती कवळी होती.

भूल देईपर्यंत ऑपरेशनच्या खोलीत एका पालकानं थांबायचं होतं. दवाखान्याच्या कागदावर सुनीताचं नाव होतं. दारापाशी गेल्यावर मात्र तिचे डोळे भरून आले आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. ईश्वरी तिच्याकडे बघायला लागली. भगवाननं तिच्यासाठी ठेवलेला हिरवा गाऊन डोक्यातून घातला. उलटा घातला होता. मी सरळ करून दिला.

आतलं मला नंतर सिस्टरांनी सांगितलं. मास्क बघितल्यावर ईश्वरी घाबरली. कागदाचा कप वेगळा आणि हा वेगळा. ती उठून बसायला लागली. तेव्हा हा माणूस टेबलाच्या कडेला हात धरून, स्टँडवर ओरडतात तसा पण हळू आवाजात ओरडायला लागला.

"चला शहागड, शहागड! तीर्थपुरी, घनसावंगी! डॉक्टर साहेब, जरा सरका. सिस्टरबाई, लेकरू मांडीवर घ्या."

ईश्वरी मास्कच्या आतून म्हणाली, "पप्पा, भरली का?"

"भरली माय. बिलकुल भरली. निघाली बघ."

ती झोपली. भगवान बाहेर आला, बाकावर बसला आणि बसल्या बसल्या एका बाजूला कलंडला. उपास, जागरण आणि भीती, तिन्ही एकदम. सिस्टर लिंबू सरबत घेऊन धावल्या. "यातलं पेशंट कोण आहे?" त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "हाच. लेकराला काय झालंय."

तासाभरानं ईश्वरीला बाहेर आणलं. तिनं डोळा किलकिला केला. भगवान वाकला.

"माय, भूल उतरली का?"

"पप्पा, भूक लागली."

"पुरी उतरली," तो म्हणाला, आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ गाऊनच्या बाहीनं चेहरा पुसत राहिला. लेकरासमोर रडायचं नाही, हे त्यानं पाळलं.

डोळा सरळ झाला. स्टँडवर थोडी कुजबुज झाली की आता गाडी लवकर भरणार नाही. पण खरं काम पुढं होतं. रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी. मी चौकटींचा तक्ता करून दिला. ईश्वरी पट्टी फाडून काढायची, म्हणून भगवानही घरी आल्यावर स्वतःच्या डोळ्यावर पट्टी लावून बसायचा. दोघं बापलेक एकेका डोळ्यानं ज्वारी निवडायची. सुनीता म्हणायची, "भाकरीत खडे लागून राह्यलेत, पण बोलायची सोय न्हाई."

जूनमध्ये त्यानं जीप भाच्याला दिली आणि संभाजीनगरजवळच्या वाळूजला एका कंपनीच्या बसवर लागला. लेकीची शाळा आणि दवाखाना जवळ पडेल म्हणून. जायच्या दिवशी त्यानं मला तक्ता दाखवायला आणला. एकही चौकट रिकामी नव्हती. खुणा ईश्वरीनं केल्या होत्या, काही चौकटीच्या बाहेर गेलेल्या.

त्यांच्या कागदांची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यात एक ओळ आहे: 'सहा महिन्यांनी तपासणी, फक्त डाव्या डोळ्यानं वाचलेल्या ओळी.' पुढं जागा कोरी. सप्टेंबरची तारीख गेली. मी फोन केला.

"बाई, तिला समदं दिसतंय आता," भगवान म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"परवा पट्टी लावलेली होती. डाव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं अन् म्हणली, पप्पा, तुमचे केस पिकलेत."

"ते ठीक आहे. डॉक्टरांना दाखवलं का?"

"केस?"

"डोळा, भाऊ!"

"दाखवतो ना बाई. तपासायला बसवलं, अन् त्यांनी कमी दिसतं म्हणून सांगितलं तं..." मागे बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, मग फोन बंद झाला.

त्यानंतर मी तीनदा लावला. सुनीता उचलते, पुढच्या सोमवारी जातो म्हणते. मी त्या दवाखान्यातून सोमवारचा नंबर घेऊन ठेवला आहे. सकाळी साडेनऊ, खोली चौथी. आता त्या माणसाला हाताला धरून तिथं नेऊन बसवायचं राहिलं आहे.